शेवटच्या दोन ओव्हरींचा माणूस

“किती राहिल्या ओ?”

सामना चालू असताना भाय एवढंच विचारायचा, आणि तेही मैदानाकडे पाठ करून. कंपनीची पिकअप सीमारेषेबाहेर उभी असायची. तिच्या सावलीत, मागच्या चाकाला टेकून, तो सौदीतल्या जुबैलच्या कारखान्यांच्या पेटत्या चिमण्यांकडे बघत बसायचा. उजवा हात डाव्या काखेत खुपसलेला, मग बाहेर ऊन कितीही असो. मैदानावर टाळ्या पडोत नाहीतर शिव्या, त्याची मान वळायची नाही. कोणी ओव्हरींचा आकडा सांगितला की “मग अजून टायम हाय” म्हणायचा आणि पुन्हा गप्प.

मी एकदा विचारलं, “भाय, तुम्ही मॅच बघत का नाही?”

“बघू नये ओ किपर. बघितलं की हात घाबरतो. किती रन हवेत ते हाताला कळता नये.”

तुम्ही क्रिकेट पाहणारे असाल तर असा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. तो फलंदाजी करत नाही, क्षेत्ररक्षणात त्याला कुठे तरी लपवावं लागतं, आणि सामना गळ्याशी आला की सगळे त्याच्याचकडे बघतात. आमच्या भायला शेवटच्या दोन ओव्हरी टाकता यायच्या. एकाला लागोपाठ टाकता येत नाहीत, म्हणून अठरावी आणि विसावी. बाकी जगात त्याला काय येत होतं, याचा शोध कंपनीने कधी घेतला नाही.

त्याचा इकामा म्हणजे तिथे राहण्याचा परवाना. त्यावर धंदा लिहिला होता सुतार. भायने आयुष्यात रंधा हातात धरलेला नव्हता. मैदानावर मॅटिंग अंथरताना कडेचे खिळे ठोकायची वेळ आली की तो अंगठा चेचून घ्यायचा आणि आम्ही ओरडायचो, “वा, मिस्त्री!” काम करायचा स्टोअरमध्ये. व्हॉल्व्ह, गॅस्केट, हातमोजे देणं-घेणं. खरी नोकरी मात्र शुक्रवारची. आमच्या मोठ्या साहेबांनी त्याला रत्नागिरीकडच्या एका टेनिस बॉलच्या स्पर्धेत गोलंदाजी करताना पाहिलं आणि हाताला लागला तो व्हिसा त्याच्या पासपोर्टवर चिकटवून त्याला जुबैलला आणलं. तो व्हिसा नेमका सुताराचा निघाला.

मोठे साहेब हैदराबादचे. कंपनी कफिलाची, म्हणजे सौदी मालकाची होती, पण चालवायचे साहेबच. त्यामुळे आमच्या संघाचे कॅप्टनही तेच. पोट सुटलेलं, धाव घ्यायला लागले की अंपायरला काळजी वाटायची. मी मिरजेकडचा इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर, यष्टिरक्षक. म्हणून भायसाठी मी ऑफिसात साहेब आणि मैदानावर किपर. त्याचं खरं नाव मी इथे सांगत नाही. लेबर कॅम्पपासून ऑफिसपर्यंत सगळे त्याला भायच म्हणायचे.

गावाकडे तो पैशावर खेळायचा. ज्या गावाचा संघ अंतिम सामन्यात, त्या गावाची मोटरसायकल भायच्या दारात. शेवटच्या दोन ओव्हरी टाकायच्या, पाकीट घ्यायचं, जेवायचं आणि परत. एकदा असंच त्याने समोरच्या गावाला शेवटच्या ओव्हरीत गुंडाळलं, आणि ते गाव नेमकं त्याच्या सासुरवाडीचं. मेव्हण्याचाच त्रिफळा उडवला होता.

“ईदीला कोण आला नाय ओ. बायको जाम रडली. म्हणते, एक बॉल वाईड टाकला असता तर काय झाला असता?”

“मग टाकायचात की.”

“बोलावला होता ना मला,” तो अगदी साधेपणाने म्हणाला. “बोलावल्यावर वाईड कसा टाकू?”

तर असा हा माणूस. आता जे सांगायचं आहे ते सौदीकरणाच्या वर्षांतलं आहे.

सरकारने कंपन्यांना रंग दिले होते. सौदी माणसं पुरेशी असतील तर हिरवा, कमी असतील तर पिवळा, फारच कमी असतील तर लाल. आमची कंपनी हिरव्यातून पिवळ्यात घसरली तो दिवस मला आठवतो, कारण त्या दिवशी कॅन्टीनमध्ये कोणीच मोठ्याने बोलत नव्हतं. पिवळ्या कंपनीत जुन्या माणसांचे इकामे रिन्यू होणं मुश्किल. मग कॅम्पमधले पलंग रिकामे व्हायला लागले. सकाळच्या बसमध्ये रोज बसणारा माणूस एके दिवशी नसायचा आणि त्याच्या सीटवर कोणी बसायचं नाही. बस तशीच निघायची. कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली कामं करणारा माणूस, पूर्वी आला की आम्ही त्याला चहा पाजायचो. आता तो दिसला की लोकांना एकदम कामं आठवायची.

भायच्या स्टोअरमध्येही एक सौदी माणूस रुजू झाला. हफ्र अल बातिनचा, तिशीतला, दोन मुलांचा बाप. काम शिकायला आला आहे, असं सांगण्यात आलं. कोणाचं काम, हे सांगायची गरज नव्हती. भायने त्याला रॅक न् रॅक दाखवलं, कुठला व्हॉल्व्ह कुठे, कुठला फोरमन खोटं बोलून जादा हातमोजे नेतो, सगळं. मला राग आला. मी म्हटलं, “भाय, एवढं मन लावून शिकवायची काय गरज आहे? स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय.”

“त्याला पण पोरं हायत ओ,” भाय म्हणाला. “आणि मोठे साहेब हायत ना. साहेबांनी सांगितलान, तुझ्या दोन ओव्हरी हायत तवर तू हायस.”

साहेबांनी तसं सांगितलं होतं हे खरं. माझ्यासमोरच. “मियाँ, तुम मेरे दो ओवर निकालते रहो, इकामा मेरे पे छोड़ो. नक्को फिक्र.” भायचा इकामा त्या हिवाळ्याअखेर संपत होता. थोरली मुलगी रत्नागिरीला नर्सिंग शिकत होती, शेवटचं वर्ष लागायचं होतं. घरात ती पहिलीच इतकी शिकणारी. तिचा गणवेशातला फोटो भायने मोबाइलच्या पडद्यावरच लावला होता. त्यामुळे वेळ बघायला मोबाइल काढला तरी आम्हाला ती दिसायची. “हिचं होईस्तोवर हात टिकूंदे,” एवढंच त्याचं मागणं होतं.

आणि हात टिकत नव्हता. हे जुबैलमध्ये फक्त दोघांना माहीत होतं. त्याला आणि मला.

यष्टिरक्षकापासून गोलंदाजाचं काही लपत नाही. भायचा चेंडू माझ्या ग्लोव्हजमध्ये छातीशी येऊन थडकायचा, तळव्याला मुंग्या यायच्या. त्या हंगामात तो कमरेला यायला लागला. मग गुडघ्याला. मी न बोलता एक पाऊल पुढे सरकलो, मग आणखी एक. तिसऱ्यांदा सरकलो तेव्हा भाय रनअप सोडून माझ्याकडे चालत आला. चेहरा नेहमीसारखाच, पण आवाज खाली.

“किपर, मागे जावा. आधी होता तिकडेच उभे रव्हा.”

“बॉल पोचत नाही, भाय.”

“म्हायत हाय मला. तुमी मागे रव्हा.”

मला मग उमगलं. फलंदाज स्टान्स घेताना यष्टिरक्षक कुठे उभा आहे ते बघतो आणि त्यावरून वेग ताडतो. मी मागे, म्हणजे भाय जोरात. तो जोरात येणाऱ्या चेंडूसाठी बॅट फिरवून मोकळा व्हायचा आणि चेंडू मागाहून सावकाश यायचा. कोणाचा झेल उडायचा, कोणाचा त्रिफळा. मी दूर उभा राहून एका-टप्प्याचे, दोन-टप्प्यांचे चेंडू उचलायचो आणि तळवे झोंबल्यासारखे हात झटकायचो. नाटकात काम करायची माझी हौस अशी वाळवंटात फिटली.

गंमत पुढेच आहे. भायचा ‘स्लोअर बॉल’ साऱ्या जुबैलमध्ये गाजला. ज्यूसच्या दुकानात दुसऱ्या कंपन्यांची पोरं एकमेकांना मनगट वळवून दाखवायची. “बंदे का हाथ पढ़ा ही नहीं जाता!” एक मल्याळी गडी तर मोबाइलवर त्याची चित्रफीत थांबवून थांबवून बघत होता, बोटं कुठे बदलतात ते शोधायला. बोटं बिचारी कुठेच बदलत नव्हती. त्याचे सगळेच चेंडू स्लोअर होते. भाय आणि मी ज्यूस पीत हे ऐकायचो. तो हसायचा, पण ग्लास डाव्या हाताने धरलेला असायचा.

एका संध्याकाळी त्याला घरी जेवायला बोलावलं. माझ्या बायकोने त्याच्यासाठी मुद्दाम बाजारातून सुरमई आणली होती. जेवताना तो फार वाकून बसला होता. मला वाटलं, संकोच असेल. तो गेल्यावर बायको ताटं उचलता उचलता थांबली.

“त्यांचा हात तोंडापर्यंत जात नाही,” ती म्हणाली. “तोंड खाली नेऊन घास घेत होते. डाव्या हाताने खाल्लं नाही बिचाऱ्यांनी. तुम्हाला दिसलं नाही?”

मला चेंडू दिसला होता, घास दिसला नव्हता. दुसऱ्याच दिवसापासून डॉक्टरकडे चला म्हणून मी त्याच्या मागे लागलो, पण कंपनीच्या क्लिनिकमध्ये गेलं की ते साहेबांच्या कानावर जाणार आणि बाहेरच्या दवाखान्यात गेलं तरी कोणी तरी ओळखीचं भेटणार. “हिवाळा जाऊंदे,” तो म्हणायचा. “नवा इकामा हातात पडूंदे. मग काय सांगाल तो डॉक्टर.”

आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. उपांत्य सामना संपल्यावर साहेबांनी पिकअपवर हात आपटून सांगितलं, “भाय, फायनल निकाल दो. समझो दो साल का काम हो गया.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. फक्त साहेब हे बोलताना भायकडे न बघता त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघत होते. त्यांची ती सवय नव्हती. मला ते खटकलं, आणि मग विसरायला झालं.

अंतिम सामन्याच्या शुक्रवारी सकाळपासून वारा होता. धुळीने आभाळ पितळेच्या रंगाचं झालं होतं आणि चिमण्यांच्या ज्वाळा एका बाजूला आडव्या पडल्या होत्या. भाय नेहमीप्रमाणे पिकअपच्या आडोशाला. पण त्या दिवशी त्याने एकदाही विचारलं नाही की किती राहिल्या.

अठरावी ओव्हर त्याने टाकली. मी मागे, ठरलेल्या जागी. समोर एक उंच पंजाबी फलंदाज होता. पहिल्या चेंडूला त्याची बॅट आधी फिरली. दुसऱ्यालाही. तिसऱ्या चेंडूनंतर तो वळला. मी जिथे उभा होतो तिथपासून स्टम्पपर्यंतचं अंतर त्याने नजरेने मोजलं आणि हसला. त्याला कळलं होतं. पुढचे चेंडू त्याने थांबून, आरामात, चहा ढवळावा तसे फटकावले.

विसावी ओव्हर. त्यांना जिंकायला फार काही नको होतं आणि तोच पंजाबी समोर. साहेबांनी चेंडू भायच्या हातात दिला. भाय रनअपकडे न जाता माझ्याकडे आला.

“किपर, आता पुढे या. स्टम्पाशी.”

“वेड लागलंय का भाय? सगळ्यांना कळेल.”

“कळूंदे.”

“साहेब बघतायत! इकामा—”

“या ओ तुमी पुढे,” तो म्हणाला, अगदी प्रेमाने.

मी स्टम्पना चिकटून उभा राहिलो, जसा कुठल्याही फिरकीवाल्याला उभा राहतो. मिडऑफवरून साहेब ओरडले, “कीपर पीछे! अरे पीछे जाओ!” भायने तिकडे पाहिलं नाही. तो चार पावलं चालत आला आणि त्याने चेंडू सोडला, उंच आणि संथ. आता झाकायचं काहीच उरलं नव्हतं. पिकअपजवळची माणसं उभी राहून बघू लागली. ज्याला सारं जुबैल घाबरायचं तो माणूस लहान पोराला टाकावा तसा चेंडू टाकत होता. मला रडू येत होतं आणि संतापही. नर्सिंगच्या गणवेशातली ती पोरगी माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

पण वारा समोरून होता. उंच सोडलेला चेंडू वाऱ्यावर थबकायचा आणि जरा अलीकडे पडायचा. पंजाब्याने एक चौकार मारला, तीनदा चुकला, दोन धावा काढल्या. शेवटचा चेंडू राहिला तेव्हा त्यांना दोन धावा हव्या होत्या. तो पुढे धावत आला, चेंडू आणखी थोडा थबकला, बॅट खालून रिकामी गेली आणि चेंडू माझ्या ग्लोव्हजमध्ये अगदी हळू येऊन बसला. मी बेल्स उडवल्या. आयुष्यात एवढं चोख काम मी पुन्हा केलेलं नाही.

मग काय विचारता! साहेब पोट सावरत धावत आले आणि सगळ्यांना मिठ्या मारल्या. भायला त्यांनी मिठी मारली नाही, नुसता खांद्यावर हात ठेवला, तोही डाव्या. मी मात्र भायला उचललं. “झालं भाय, वाचलात! आता दोन वर्षं चिंता नाही. थोरलीला फोन लावा. आणि उद्या डॉक्टर, आता सबब सांगायची नाही!” मी बडबडत सुटलो होतो. तो माझ्याकडे बघून हसत होता.

“तुमचा हात जाम गोड हाय ओ किपर,” एवढंच म्हणाला.

कप घेऊन फोटो काढणं चाललं होतं. मगरिबची, सूर्यास्ताची अजान झाली तसा भाय बाजूला गेला आणि रिकाम्या मॅटिंगच्या कडेला नमाजाला उभा राहिला. सुरुवातीला दोन्ही हात कानांपर्यंत न्यायचे असतात. त्याचा डावा हात कानाशी पोचला. उजवा छातीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. धुळीत त्याची पाठमोरी आकृती मी बघत होतो, आणि तरीही मला वाटत होतं की आता सगळं ठीक होणार.

रविवारी सकाळी मी स्टोअरमध्ये गेलो. भायच्या खुर्चीत हफ्रचा माणूस बसला होता. मला बघून तो उठून उभा राहिला.

“भाय कुठे?”

“इंता माफी मालूम?” तुला माहीत नाही? त्याला खरंच आश्चर्य वाटलं. मग तो त्याच्या मोडक्या इंग्रजीत आणि माझ्या मोडक्या अरबीत समजेल असं हळूहळू सांगू लागला. भाय काल गेला. मंदूबने त्याला दम्मामच्या विमानतळावर सोडलं. खुरूज, कायमचं परत जाणं, ते फायनलच्या आधीच झालं होतं. मंदूब बोलला ते याच्या कानावर पडलं आणि याने गुरुवारीच भायला सांगून टाकलं. नाही सांगितलं असतं तर हराम झालं असतं, असं तो म्हणाला.

“आणि तरी तो खेळायला आला?”

“मी म्हटलं त्याला, सदीक, मित्रा, आता कशाला जातोस? तो म्हणाला, बोलावलंय.”

“साहेबांना माहीत होतं?”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की हा इंजिनिअर झाला तरी कसा. “मुदीरला न विचारता खुरूज कसं होईल?”

“मला का नाही सांगितलं त्याने? शुक्रवारी मी त्याच्याबरोबरच होतो.”

“मी काल विचारलं होतं, कीपरला भेटून येतोस का म्हणून. म्हणाला, कीपर फार खूश आहे. राहू दे.”

त्या दिवशी मी साहेबांच्या केबिनपर्यंत गेलो होतो. काचेतून कप दिसत होता, टेबलावर, फुलांच्या शेजारी. साहेब फोनवर कोणाशी तरी हसत बोलत होते. मी आत गेलो आणि मनातलं सगळं बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, “मेरे हाथ में क्या है, बोलो? आधी कंपनी जा रही है.” ते खोटं नव्हतं. पण फायनल होईपर्यंत गप्प बसणं तर त्यांच्या हातात होतं, आणि ते त्यांनी नीट पार पाडलं होतं. त्यानंतर मी त्यांच्या संघात खेळलो नाही. ग्लोव्हज अजून आहेत, मुलगा ते झाडांना पाणी घालताना वापरतो.

भायचा फोन बरेच दिवस लागत नव्हता, सौदीचा नंबर बंद झाला होता. शेवटी कॅम्पमधल्या एका दापोलीकराकडून गावचा नंबर मिळाला. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

“किपर! बरा हायत ना तुमी?”

“मी बरा. हात कसा आहे, भाय?”

“हाताचा काय ओ. आता कोण बोलावतो त्याला.”

पलीकडे कोणी तरी भांडी घासत होतं, तो आवाज थांबला.

“थोरली कशी आहे? शेवटचं वर्ष ना आता?”

भाय आवाज उतरवून, जवळ कोणी ऐकू नये असा, म्हणाला, “घरीच हाय ओ.”